मुखी राहिलेले घर

बऱ्हाणपुरास तापीच्या उत्तर तीरावर, शाही किल्ल्याच्या तटाच्या आश्रयाने जो राजघाट आहे, त्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले असता नदीच्या पात्रातील खडकातून घडविलेला एक दगडी हत्ती दृष्टीस पडतो. १६६६-६७ च्या सुमारास हिंदुस्थानात हिंडलेल्या थेवेनो नामक फ्रेंच प्रवाशाने या हत्तीची नोंद करून ठेवली आहे. शाहजहान बादशहाचा एक हत्ती त्याच्या समक्ष दुसऱ्या हत्तीशी झुंजत असता या ठिकाणी मेला, त्याचे स्मारक म्हणून ही मूर्ती झाली, आणि हिंदू लोक तिला रंग लावून पूजतात, असे तो लिहितो. ही हकीकत त्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकली असली पाहिजे. सांगणारा घाटावरचा कोळी होता, किल्ल्याचा पहारेकरी होता की सराईतला भिस्ती, याविषयी प्रवासी एक अक्षरही लिहीत नाही. सांगितलेले राहिले, सांगणारा गेला. बऱ्हाणपूरच्या इतिहासाविषयी मला जे म्हणावयाचे आहे त्याचा आरंभ या उणिवेपासूनच होतो.

वास्तविक लिखित इतिहासाच्या बाबतीत हे शहर दरिद्री नाही. फारुकी सुलतानांनी ते वसविले. त्यांच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आजही वाचावयास मिळतो. १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीमच्या अमदानीत झालेली कुंडी भंडाऱ्याची भुयारी जलयोजना अजून लोक पाहावयास येतात. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल येथेच बाळंतपणात वारली आणि पैलतीरी झैनाबादेस तिचे प्रथम दफन झाले. पुरंदरच्या तहातील मिर्झा राजा जयसिंग १६६७ साली येथेच मृत्यू पावला. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने येथील पेठा लुटल्या. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून शहर पेशव्यांकडे आले आणि पुढे ते शिंद्यांच्या अमलाखाली गेले. प्रत्येक स्वारीचे बातमीपत्र आहे, प्रत्येक तहाचा कागद आहे. परंतु ज्या वर्षी बादशाही छावणी उठून गेली त्या वर्षी घाटाजवळच्या गल्लीतील कोष्ट्याच्या घरी काय शिजले, किंवा सरकारे बदलली तेव्हा लेकीबाळींची लग्ने कोठे जुळू लागली, हे विचारावयास गेल्यास सर्व दफ्तरे मौन धारण करतात. ते मौन मोडण्याचे सामर्थ्य असलेली माणसे मात्र त्याच गल्ल्यांत अद्याप हयात आहेत, आणि ती दरसाल कमी होत आहेत.

ज्या नदीच्या तीरी हा घाट आहे तिच्याच नावाने एक जुनी कुटुंबकथा महाभारतात आली आहे. आदिपर्वात गंगातीरी चित्ररथ गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ असे संबोधतो. अर्जुन विस्मय पावतो आणि विचारतो की आम्ही कुंतीचे पुत्र. ही तपती कोण, जिच्यावरून तू आम्हांस असे म्हणतोस? मग गंधर्व त्याला सूर्यकन्या तपतीची, राजा संवरणाची, वसिष्ठांनी जुळविलेल्या त्या विवाहाची आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या कुरूची हकीकत सांगतो. ज्याच्या नावावर सारा कुरुवंश चालला त्या कुरूची आई कोण, हे त्या वंशातील श्रेष्ठ धनुर्धराला ठाऊक नव्हते, आणि ते त्याला परक्याकडून, एक प्रश्न विचारल्यावर, कळले. खुद्द भारतकथेचा सांगाडाही असाच आहे. जनमेजय आपल्या पूर्वजांविषयी विचारतो आणि वैशंपायन सांगतो. विचारणारा मिळेपर्यंत घरची कथा घरातल्यांनाही अज्ञात राहू शकते, हे आपल्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे नोंदवून ठेवले असता आपण कुटुंबाचा इतिहास म्हणजे पुरुषांच्या नावांची उतरंड असे का समजू लागलो, याचे मला नवल वाटते.

लिहिण्याची हौस आपल्याकडे कमी होती असे नाही. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून कागद उचलून, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९२६ च्या अखेरीस खानदेशातील ज्या धुळ्यास राजवाड्यांनी देह ठेवला, तेथेही त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. याच उत्साहातून विसाव्या शतकात, कोकणस्थ घराण्यांत विशेषेकरून, कुलवृत्तांतांची प्रथा पडली. हे ग्रंथ चिकाटीने तयार झाले आहेत आणि त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यांतील पाने चाळली असता पुरुषाची नोकरी, बढती, बांधलेले घर यांना परिच्छेद मिळतो, आणि त्या घरात साठ वर्षे चूल पेटविणाऱ्या स्त्रीला बहुधा माहेरचे नाव, सासरचे नाव व मृत्यूचे साल एवढी एक ओळ मिळते. ज्या जातीजमाती कुलवृत्तांत छापण्याच्या ऐपतीच्या नव्हत्या त्यांना ती ओळही नाही. वंश कागदावर राहिला. घर मात्र सुनांच्या मुखी राहिले. मौखिक इतिहासाची पद्धत आज जगभर रूढ झाली आहे. आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने तिचा खरा उपयोग हा, की मुखी राहिलेले हे घर ती उतरवून घेऊ शकते.

तोंडी साक्ष लिहून घेण्याची कला आपणांस नवी नाही. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य असल्याचा राजीनामा आधी घेत, मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेत, घराण्याची पूर्वापार हकीकत करीन्यात मांडवीत, पुरसीस करीत आणि अखेरीस सर्वांच्या निशाण्यांसह महजर, म्हणजे निवाडपत्र, होई. त्या कागदांत कुणब्याची, महाराची, बलुतेदाराची बोली पुष्कळदा जशीच्या तशी उतरलेली आढळते. मात्र तेथे बोलणाऱ्यास काहीतरी मिळवावयाचे किंवा राखावयाचे असे, आणि हक्काशी ज्याचा संबंध नाही ते कारकून लिहून घेत नसे. आजच्या ध्वनिमुद्रकापुढे बसलेल्या आजीला कोणतेही वतन सिद्ध करावयाचे नसते. त्यामुळे तिच्या साक्षीत दूध उतू गेलेलेही येते, आणि तेच आपणांस पाहिजे असते.

यंत्र आले म्हणून ऐकण्याची दृष्टी आली असे मात्र घडले नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील अनेक भाषा-बोलींचे ग्रामोफोन ठसे घेण्यात आले. त्यांत वक्त्यांकडून प्रामुख्याने बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट आपापल्या बोलीत वदवून घेतली गेली. कित्येकांच्या तबकडीवर एखादे गाणे वा लोककथाही आली. बाप आणि दोन मुलगे यांची ती गोष्ट अनेक कंठांतून वदविली गेली, परंतु बोलणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या बापाविषयी विचारणे हे त्या पाहणीचे काम नव्हते. अमेरिकेत ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे जे कार्यालय स्थापन केले त्याचाही रोख प्रारंभी नामांकित मंडळींकडेच होता. सामान्य माणसाच्या आयुष्याला केंद्रस्थानी आणणारे पॉल थॉम्पसन यांचे विवेचन इंग्लंडात १९७८ साली प्रसिद्ध झाले.

मराठीत हे कार्य विद्यापीठांच्या आधी कार्यकर्त्यांनी केले, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा घरोघर शोध घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. परिषदा भरविणाऱ्या, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, वसतिगृहे चालविणाऱ्या ज्या स्त्रियांची नावे अहवालांत आली नव्हती त्यांच्या जीवनकथा त्यांच्याच मुखाने त्यात आल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ओवी ही सासुरवाशिणीने स्वतःच्या कुटुंबाविषयी दिलेली जबानीच होय. भावाची वाट, आईची आठवण, नणंदेचा बोल हे सारे दळताना उच्चारण्याची तिला मुभा होती, एरवी नव्हती. मुंबईच्या गिरणगावासंबंधी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मुलाखतींतून २००४ साली जो ग्रंथ साकारला, तो वाचून बऱ्हाणपुरात आले म्हणजे १९०६ सालची येथील ताप्ती मिल, यंत्रमागांची अविरत खटखट आणि उत्तरेकडून येऊन येथे स्थायिक झालेली मोमीन विणकरांची घरे निराळ्याच अर्थाने दिसू लागतात. त्यांचे गिरणगाव अजून कोणी लिहिलेले नाही, ते उर्दूत लिहिले जाईल, आणि ते त्यांच्यातल्याच कोणी लिहावे.

असे म्हणण्यास कारण आहे. विचारणारा कोण यावर सांगितले जाणारे अवलंबून असते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेखाली पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती घेण्यात आल्या. १९३७ साली चार्ल्स्टन येथील सुझन हॅमलिन या वृद्धेची मुलाखत दोघांनी निरनिराळी घेतली. गोऱ्या बाईंपुढे, त्या निर्वाहवेतनाच्या कचेरीतून आल्या असाव्यात अशा समजुतीने, ती पूर्वीच्या धन्याच्या भलेपणाविषयी बोलली. काळ्या तरुणापुढे तिने फटक्यांविषयी आणि मुलांपासून तोडून विकल्या जाणाऱ्या आयांच्या आक्रोशाविषयी सांगितले. एकच स्त्री, एकच आयुष्य. आमच्याकडे तर जात, वय, नाते आणि ओसरीवर कोण बसले आहे यांचे थर त्यावर आणखी चढतात. यास्तव ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभी तारीख, ठिकाण व सांगणाऱ्याचे नाव यांबरोबरच विचारणाऱ्याचे नाव, त्याचे नाते आणि खोलीत हजर असलेल्या सर्व मंडळींची नोंद करावी, असा दंडक मी पाळतो.

राजघाटाकडून वर येणाऱ्या एका गल्लीत, दुमजली जुन्या घरात, पंच्याऐंशीच्या पुढील ज्या आजींपाशी मी बसलो त्यांचे नाव येथे देत नाही. तशी त्यांची अट आहे. माहेर रावेरकडचे; भाषा खानदेशी वळणाची मराठी, मध्येच हिंदी; नातवंडे आजीचे मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. याचे कारण इतिहासात आहे. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि त्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूरसह निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि कचेऱ्यांची वाट भोपाळकडे वळली. आजींना ती तारीख ठाऊक नाही. ‘आधी यांचे कागद नागपूरला जायचे, मग नाही जाऊ लागले,’ एवढेच त्या म्हणतात. आरती मराठीत राहिली, शाळा हिंदी झाली, आणि सुना मात्र रावेर-भुसावळकडूनच येत राहिल्या, म्हणून माजघराची भाषा टिकली.

‘तुमचे बालपण कसे होते?’ हा प्रश्न मी कधी विचारीत नाही. त्याला ‘चांगलं होतं’ यापलीकडे उत्तर येत नाही. एक कोरा कागद पुढे ठेवून मी म्हणालो, ‘आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे घर कसं होतं, तेवढं सांगा, मी काढतो.’ मग चूल कोठे, जाते कोठे, रांजण कोठे, पुरुषांच्या पंगती कोठे, बाळंतिणीची खोली कोणती, हे त्या बोटाने दाखवू लागल्या आणि प्रत्येक रेघेबरोबर एकेक माणूस त्या खोलीत येऊन उभे राहिले. पंखा बंद केला होता, तरी दूरच्या मागांची खटखट ध्वनिमुद्रणात आली आहे. ती मी काढून टाकणार नाही. धान्याच्या कोठ्यांपाशी बोट आले तेव्हा त्या थांबल्या.

‘ह्या कोठ्या खाली नव्हत्या राहत पावसाळ्यात. हत्ती डुबला की धान्य माडीवर न्यायचं, हे सासूबाईंनी मला पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं. दवंडी यायची नंतर. हत्ती आमचा चौकीदार.’

थेवेनोला सांगितली गेलेली बादशाही झुंज आणि सासूने सुनेला दिलेला हा धडा, दोन्ही त्याच एका दगडाविषयी आहेत. पहिली हकीकत सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी छापील ग्रंथांत गेली. दुसरी या घराच्या बाहेर कोणी विचारली नव्हती.

मग त्या पुराविषयी बोलू लागल्या. एका मोठ्या पुरात गोठा गेला, दोन गाई गेल्या. ‘त्याच साली माझी आई गेली. तापीला पाणी, मला माहेरी जाता नाही आलं. तोंड नाही पाहिलं मी तिचं.’ शेजारी बसलेले त्यांचे चिरंजीव, आता स्वतः सत्तरीकडे झुकलेले अण्णा, आदराने पण ठामपणे म्हणाले, ‘आई, पूर नंतरचा. आजी गेली तेव्हा उन्हाळा होता; मला शाळेची सुट्टी होती.’ आजी काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. अशा वेळी प्रश्नकर्त्याने मौन भरून काढण्याची घाई करू नये, हा या शास्त्रातील सर्वांत अवघड नियम होय, कारण सभ्यतेची आपली सारी शिकवण त्याच्या उलट आहे. थोड्या वेळाने अण्णा चहाचे पाहावयास आत गेले. यंत्र चालू असल्याची मी आजींना आठवण दिली. त्यांनी मान हलविली आणि म्हणाल्या, ‘पाठवलंच नाही मला. आंब्याचं काम होतं घरात. लोणची, पापड. म्हणाले, आता जाऊन काय करणार.’

इटलीतील तेर्नी येथील पोलाद कारखान्याचा लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या संशोधकाला पुढे अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ सालच्या मोठ्या कामगार-कपातीविरुद्ध झालेल्या संघर्षात घडला असे सांगितले. पोर्तेल्लीने त्यांना खोटे ठरविले नाही. जो मृत्यू निष्कारण झाला असे म्हणणे असह्य होते, त्याला त्यांच्या स्मृतीने अधिक समर्थनीय स्थळ दिले, आणि हे स्थलांतर हाच त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. राजघाटाजवळच्या त्या घरात पुराने हेच केले होते. माणसांनी अडविले हे साठ वर्षे त्याच माणसांत राहून म्हणता येत नव्हते. नदीने अडविले असे म्हणता येत होते. वर्ष चुकले म्हणून ही साक्ष निकालात काढणाऱ्याला या घरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कधीच सापडली नसती. त्याचबरोबर, अण्णांची दुरुस्ती नोंदविली नसती तर मलाही ती सापडली नसती. म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका यांच्याशी ताडून पाहण्याचे कष्ट टाळता येत नाहीत. भावनेच्या भरात पुरावा सोडणारे आणि पुराव्याच्या भरात माणूस सोडणारे, दोघेही या कामाला निरुपयोगी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील काम कष्टाचे आणि नीरस दिसणारे असते. तासाभराचे बोलणे शब्दशः उतरविण्यास पाच-सहा तास सहज लागतात. ‘डुबला’ याचे ‘बुडाला’ करण्याचा मोह होतो, तो आवरावा. हसणे, थांबणे, पदर डोळ्यांस लावणे हे कंसात लिहावे. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या गावी ठेवाव्यात, कारण पूर, वाळवी आणि बिघडलेले यंत्र यांपैकी काही ना काही प्रत्येक घरी येतेच. आजींच्या साक्षीचा एक भाग त्यांच्या हयातीत कोणी ऐकू नये अशी त्यांची इच्छा आहे. तो वेगळा करून, लिफाफ्यावर तसे लिहून, भुसावळच्या लेकीकडे दिला आहे. त्यात काय आहे हे या लेखात येणार नाही. आंब्याच्या दिवसांची गोष्ट मात्र छापावी असे त्या स्वतः म्हणाल्या.

उतरविलेला मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखविल्याखेरीज तो पुरा झाला असे मी मानीत नाही. त्या दिवशी आजींनी अण्णांना मुद्दाम समोर बसविले. वाचन पुराच्या प्रसंगाशी आले तेव्हा मी विचारले की येथे काही बदलू काय. त्या म्हणाल्या, ‘पूर तिथंच राहू द्या. मी इतकी वर्षं तसंच सांगत आले. पण खाली लिहा, तेव्हा उन्हाळा होता, आणि मला पाठवलं नाही.’ अण्णांनी माझ्या हातून लेखणी घेतली आणि ती टीप, तारीख घालून, आपल्या अक्षरात लिहिली.